यीस्टमधील एका विकराच्या निमित्ताने प्रोटीन डेटा बँकेचे परीक्षण

यीस्टच्या पेशीत ट्रान्सफर आरएनएवर (प्रथिने घडवताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या रेणूवर) मिथिल गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा छोटा गट, बसवणाऱ्या ट्रम८–ट्रम८२ या प्रथिनांच्या जोडीचा अभ्यास करायचा असेल, तर प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांसारख्या रेणूंच्या त्रिमितीय रचनांच्या संग्रहाच्या संकेतस्थळापासून सुरुवात करावी; मात्र रचना पाहिली म्हणजे कार्य कळले, असा समज करून घेऊ नये. १९७१ साली अवघ्या सात रचनांनिशी सुरू झालेल्या या संग्रहात आज दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात.

या जोडीची क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडलेली रचना २००८ साली प्रसिद्ध झाली. नोंदीच्या पानावरून उघडणारा मोलस्टार हा दर्शक ब्राउझरमध्येच चालतो, आणि त्यात रचना फिरवून पाहताना कामाची वाटणी स्पष्ट होते: रासायनिक क्रिया ट्रम८ करते व मिथिल गट पुरवणारा एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिनचा रेणू त्याच्याच खोबणीत बसतो, तर शेजारचे ट्रम८२ हे सात पात्यांच्या पंख्यासारखे प्रथिन स्वतः कोणतीही क्रिया घडवत नाही.

मग ते हवे कशाला? जिवाणूंमधील ट्रमबी हे विकर हेच काम अशा जोडीदाराशिवाय पार पाडते, त्यामुळे हा प्रश्न रास्तच आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर केवळ रचना न्याहाळून मिळत नाही. ट्रम८२ काढून टाकलेल्या यीस्टमध्ये ट्रम८ चे प्रमाणच घटते, ही माहिती जनुकीय प्रयोगांतून आलेली आहे. त्याचप्रमाणे, ट्रम८ आणि ट्रान्सफर आरएनएवरच मिथिल गट बसवणारे दुसरे विकर ट्रम४ ही दोन्ही नसलेल्या यीस्टमध्ये ३७ अंश सेल्सिअसला व्हॅलिनचा एक ट्रान्सफर आरएनए झपाट्याने नष्ट होतो व वाढ खुंटते, हेही स्फटिकातून कळण्यासारखे नव्हे. शिवाय या स्फटिकात ट्रान्सफर आरएनए नाहीच; म्हणून मिथिल गट जिथे बसतो त्या, आरएनएच्या ४६ व्या स्थानावरील ग्वानिनपर्यंत विकर कसे पोहोचते, हे पाहण्यासाठी २०२३ साली क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळालेल्या, आरएनएसह असलेल्या मेटल१–डब्ल्यूडीआर४ या, हेच काम करणाऱ्या मानवी जोडीच्या रचना उघडाव्या लागतात. त्याही याच संग्रहात आहेत, आणि दोन रचना एकमेकींवर बसवून पाहण्याचे साधन तेथेच उपलब्ध आहे. माझ्या मते या सेवेचा खरा फायदा येथे जाणवतो.

मला सर्वाधिक भावला तो प्रत्येक प्रायोगिक नोंदीसोबतचा पडताळणी अहवाल. अणूंची परस्परांशी होणारी टक्कर किती, प्रथिन-साखळीचे किती कोन अस्वाभाविक आहेत, इतर रचनांच्या तुलनेत ही कुठे बसते, हे लाल-निळ्या पट्ट्यांवर एका दृष्टिक्षेपात दिसते. लेखातील देखण्या आकृतीवर विश्वास ठेवण्यापूर्वी हा अहवाल जरूर वाचावा, विशेषतः खोबणीतील एखाद्या अमिनो आम्लावर तर्क उभा करायचा असेल तेव्हा.

शोधसुविधा समर्थ असली तरी नवशिक्यासाठी अवघड आहे. नुसते विकराचे नाव टाकण्यापेक्षा अमिनो आम्लांच्या क्रमावरून शोध घेणे अधिक भरवशाचे ठरते. संगणकाने वर्तवलेल्या रचनांचाही शोधात समावेश करता येतो, आणि त्यांतील भरवशाचे व कमी भरवशाचे भाग रंगांनी वेगळे दाखवलेले असतात. कमी भरवशाच्या रंगातील लांबलचक धागा पाहून त्या भागाचा आकारच तसा आहे, असे मानू नये.