पावलाखालची सावली : अल्टिमॅट १२ एचडी मिनी वापरून केलेले लावणीचे चित्रण

आभासी स्टुडिओत उभा केलेला वाडा कितीही देखणा असला, तरी नर्तिकेचे पाऊल त्याच्या फरशीवर टेकलेले दिसत नसेल तर सगळा देखावा क्षणात खोटा पडतो, आणि लावणीत प्रेक्षकाची नजर तर पुन्हा पुन्हा पावलांकडेच जाते. मी नृत्याच्या कार्यक्रमांची प्रकाशयोजना करते. चार लावण्यांचे चित्रण हिरव्या पडद्यासमोर करायचे ठरले, तेव्हा ब्लॅकमॅजिक डिझाइनचे अल्टिमॅट १२ एचडी मिनी हे कीइंगचे, म्हणजे पडद्याचा रंग काढून त्या जागी दुसरे चित्र बसवण्याचे, यंत्र वापरायला मिळाले. हा अभिप्राय त्याच्या सर्व सोयींचा नसून, कलाकारावरचा प्रकाश आणि त्याची सावली त्यातून किती खरी उतरते, एवढ्यापुरताच आहे.

अल्टिमॅट हे नाव या क्षेत्रात जुने आहे. निळ्या पडद्याचे तंत्र घडवणाऱ्या पेट्रो व्लाहोस यांनी १९७६ मध्ये ही कंपनी सुरू केली आणि २०१६ मध्ये ती ब्लॅकमॅजिककडे आली. क्रोमा की या कीइंगच्या साध्या पद्धतीत ठरावीक हिरवा रंग दिसला की तेवढा भाग कापला जातो. अल्टिमॅट मात्र हिरवा आणि बाकीचे दोन रंग यांच्यातला फरक मोजते, त्यामुळे काच, धूर, झिरझिरीत पदर अशा अर्धपारदर्शक गोष्टी टिकून राहतात. सावलीचेही तसेच आहे. हिरव्या जमिनीवरची सावली म्हणजे कमी उजळलेला हिरवा रंग, आणि यंत्र नेमकी तेवढीच काळोखी उचलून आभासी फरशीवर ठेवते.

हे प्रत्यक्ष पाहताना मला फार आनंद झाला. ढोलकीच्या तोड्यावर नर्तिकेने टाच उचलली, तेव्हा घुंगरांखालची गडद रेघ टाचेपासून सुटली, कडेने किंचित विरळ झाली आणि पाऊल आपटताच पुन्हा घट्ट चिकटली. संगणकावर नंतर रंगवलेल्या सावलीत हा जिवंतपणा आणायला कितीतरी तास घालवावे लागले असते. मात्र ‘क्लीनअप’चे नियंत्रण सांभाळून वापरायला हवे, कारण पडद्यावरचा कचरा पुसण्याच्या नादात ते थोडे जरी जास्त वाढले, तरी आधी ही विरळ कड जाते आणि मग कपाळावरची मोकळी बट.

यंत्र खरी सावली जपते, पण तिची दिशा बदलत नाही, हे मात्र आधीच समजून घ्यावे लागते. आमचा वाडा अनरियल इंजिन या त्रिमितीय देखावे उभारण्याच्या संगणक प्रणालीत बांधलेला होता आणि त्यात ऊन डावीकडून, ३० अंशांनी उतरत होते. म्हणून आम्ही तो कोन इंजिनमध्येच वाचून घेतला आणि मुख्य फ्रेनेल दिवा (भिंगातून झोत टाकणारा दिवा) डावीकडे, जमेल तितका दूर, नर्तिकेच्या डोक्याशी तोच कोन साधेल इतक्या उंचीवर लावला. दिवा जवळ आणला तर सावली पंख्यासारखी पसरते आणि ती सूर्याची वाटतच नाही. शिवाय ३० अंशांच्या उन्हात पाच फूट उंचीच्या व्यक्तीची सावली सुमारे साडेआठ फूट लांब पडते, म्हणजे उजवीकडे तेवढी हिरवी जमीन मोकळी हवी, नाहीतर सावलीचे डोकेच कापले जाते. आभासी पायऱ्यांवर सावली मोडलेली दिसायला हवी असेल, तर त्याच मापाच्या हिरव्या रंगवलेल्या पायऱ्या स्टुडिओत खरोखर ठेवाव्या लागतात.

जमिनीबद्दल एक तक्रार नोंदवावीशी वाटते. आम्ही भाड्याने घेतलेल्या स्टुडिओची हिरवी जमीन चकचकीत होती. मागून मारलेला दिवा तिच्यावर पांढरट चमकायचा, तेवढ्या भागातला हिरवा रंग फिका पडायचा आणि तिथेच सावली तुटायची. पडद्यापासून नर्तिकेला आठ फूट पुढे उभे करता येते, पण जमिनीपासून तिला दूर कसे करणार? ‘स्क्रीन करेक्शन’मध्ये रिकाम्या पडद्याची प्रतिमा साठवून असमान उजेड बराचसा सावरता येतो, परंतु ती प्रतिमा कॅमेरा जागचा हलला नाही तरच उपयोगी पडते. अखेर मागचा दिवा कटर (उजेड अडवणारी काळी पट्टी) लावून आवरला. स्टुडिओ ठरवताना जमीन मॅट आहे की नाही, हे आधी जाऊन पाहावेच.

सावलीचे काम अनरियलवरच का सोपवू नये, असा प्रश्न साहजिक आहे. ल्युमेन या त्यातल्या प्रकाशप्रणालीमुळे आभासी वस्तूंवरचा परावर्तित उजेड तिथे सुरेख मिळतो, पण कीइंग केलेला कलाकार त्या जगात पुठ्ठ्यासारखा सपाट असतो. समोरून उजेड आला तर पुठ्ठ्याची सावली माणसासारखी दिसते; तोच उजेड बाजूने आला की ती काठीएवढी बारीक होते. गिरकी घेणाऱ्या नर्तिकेसाठी हा मार्ग मला पटला नाही. हिरव्या पडद्याऐवजी कलाकारामागे देखावा थेट दाखवणाऱ्या एलईडी भिंतीचा पर्यायही तपासला. दागिन्यांवर ती फार छान प्रतिबिंबे देते, पण एवढ्या मोठ्या पृष्ठभागाचा उजेड मऊच पडतो. उन्हाची धारदार सावली हवी असेल तर तिथेही दिवा वेगळा लावावाच लागतो.

पार्श्वभूमीच्या रंगाची छटा कलाकाराच्या प्रतिमेत मिसळण्याची ‘ॲम्बियन्स’ची सोय उपयोगी आहे, हिरवी झाक काढल्यावर जरीच्या काठाला येणारा करडेपणा तिने चांगला झाकला. तरीही ती उजेडाला दिशा देत नाही. वाड्याच्या उजव्या कोपऱ्यात समई तेवत होती, तिचा पिवळा उजेड फक्त उजव्या गालावर आणि नथीवर यायला हवा होता, आणि तो आला तो अंबर जिलेटीन (पिवळसर रंगाचा पारदर्शक कागद) लावलेल्या एका लहान दिव्यातून. चेहऱ्याची अंधारी बाजू समोरून उजळायला, उजेड परतवणारा थर्माकोलचा एक तुकडा पुरला.

स्थिर कॅमेरा, पूर्णाकृती चौकट आणि प्रशस्त मॅट जमीन असेल, तर हे यंत्र मी मनापासून सुचवेन. ते १०८०पी ६० (फुल एचडी, सेकंदाला ६० चौकटी) पर्यंतचे चित्र हाताळते, एचडीएमआय आणि एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांची जोडणी) दोन्ही जोडता येतात आणि नियंत्रण संगणकावरूनही करता येते. चौथ्या लावणीची नऊवारी पोपटी होती. तिच्यासाठी मात्र साडी बदलण्याऐवजी आम्ही जमिनीसह सगळा पडदा निळा घेतला, निळ्यावर उजेड वाढवला, आणि सावली पुन्हा तितकीच स्वच्छ मिळाली.