मानसिक आरोग्य नर्सिंगमधली एम. एस्सी.: कोल्हापुरातून जाणाऱ्या नर्सनी काय पारखावं

दोन वर्षांचा अभ्यासक्रम, फक्त नोंदणीकृत नर्ससाठी: बी. एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी. एस्सी. नर्सिंग, 55 टक्के गुण, वर्षभराचा अनुभव. इमारत नंतर बघा, आधी क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे पेशंटमध्ये राहून शिकणं, कुठं ते विचारा. जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात पेशंट थोडेच दिवस राहतो. जुना स्किझोफ्रेनिया आणि पुनर्वसन शिकायला मनोरुग्णालयच हवं. आपल्याला रत्नागिरीचं जवळचं, पण घाट उतरून रोज ये-जा होत नाही. राहण्याची सोय कोण करणार, हेही विचारून घ्या.

शिकवणं कसं आहे, ते लिथियमवरून, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावरून कळतं. त्याची रक्तातली पातळी मोजायला नमुना शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी घ्यायचा. सकाळची गोळी आधी दिली, तर पातळी खोटीच वाढलेली दिसते आणि डोस उगाच कमी होतो. हाताची थरथर वाढली, जुलाब लागले, तोल जाऊ लागला, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना कळवायचं. हे पेशंटच्या खाटेपाशी उभं राहून शिकवणाऱ्या मॅडम असतील, तर ते कॉलेज नक्की निवडा.

बहुतेकांचं घोडं प्रबंधाशी अडतं. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय माहिती गोळा करता येत नाही, म्हणून विषय पहिल्या काही महिन्यांतच पक्का करा.