कडकन आवाज आला म्हणजे गादी बसली, असं नाही

तालुक्याच्या गावात एखाद्या हॉलबाहेर 'मोफत मणका तपासणी शिबिर, मुंबईचे प्रसिद्ध कायरोप्रॅक्टर' (म्हणजे हाताने दाब-झटके देऊन मणक्यावर उपचार करणारे) असा फ्लेक्स दिसला, तर पैसे भरण्याआधी आमच्या घरात काय घडलं ते वाचा.

आमची देवगडजवळ हापूसची कलमं आहेत. आंबा उतरवायचा, क्रेट उचलायचे, टेम्पो भरायचा. यात कंबर धरणं कुणाला नवीन नाही. यंदा माझ्या थोरल्या भावाची कळ मात्र कंबरेत थांबली नाही, डाव्या पायात उतरून पोटरीच्या खाली जायला लागली. सीझन ऐन भरात आणि हाडांचा डॉक्टर गाठायचा म्हणजे अख्खा दिवस मोडणार. अशात हे शिबिर दारात आलं. दुखणं अंगावर असताना दारात आलेला डॉक्टर सोडून कोण जातं?

आत नाव आणि मोबाइल नंबर तेवढा विचारला. कळ कधीपासून, कुठे जाते, पायाला मुंग्या येतात का, शुगर आहे का, कसली औषधं चालू आहेत, यातलं एक अक्षर नाही. पाठीवरून एक उपकरण फिरवलं, लॅपटॉपवर लालभडक पाठकणा दाखवला आणि म्हणे, "मणक्यातली गादी सरकलीय. आज बसवली नाही तर पाय जाईल." घाबरलेल्या माणसापुढे लगेच कागद आला: 12 सिटिंगचे 18,000, आजच भरले तर 12,000. वहिनीने आंब्याच्या पैशातून रोख मोजले. पावती मिळाली साध्या कागदावर, नोंदणी क्रमांक नाही, पत्ता नाही.

त्वचेवरून फिरवलेल्या असल्या उपकरणाला मणक्यातली गादी दिसत नाही. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. गादी आणि दबलेली नस बघायची तर एमआरआय लागतो. आणि एमआरआयमध्ये थोडी फुगलेली गादी तर काही न दुखणाऱ्या माणसांतही सापडते. म्हणून चित्राआधी माणूस तपासावा लागतो.

मग दुखणं कंबरेत असताना त्या कायरोप्रॅक्टरने मान धरून झटका दिला. कडकन आवाज आला. बाजूचा पोरगा व्हिडिओ काढत होता. भाऊ उठून बसला आणि खुशीत म्हणाला, "आवाज इलो, म्हणजे गादी बसली!" तिथल्या प्रत्येकाची हीच समजूत होती आणि सगळा धंदा त्या समजुतीवर चालला होता. बोटं मोडताना येतो तसलाच तो आवाज. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा. कुठलं हाड किंवा गादी जागेवर बसल्याचा नव्हे. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. क्वचित घडतं, पण घडतं. हे सांगणं आणि विचारणं उपचार करणाऱ्याचं काम आहे.

पुढच्या टेबलावर आईला झोपवायची तयारी चालली होती. आई दम्यासाठी कित्येक वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतेय. अशा गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात. तिला मी तिथून उठवून आणलं.

नंतरच्या सिटिंगनंतर भावाच्या पायाचा पंजा बधिर व्हायला लागला. उत्तर आलं, "नस मोकळी होतेय, चांगली खूण आहे." पण त्याच्या डाव्या पायातली चप्पल चालताना निसटायला लागली आणि मग मात्र मी त्याला गाडीत घालून ऑर्थोपेडिककडे नेलं. त्यांनी आधी बराच वेळ प्रश्न विचारले. टाचांवर चालायला लावलं. डाव्या टाचेवर त्याला उभंच राहता येईना. लघवीवर ताबा आहे ना, बसायच्या जागी बधिरपणा नाही ना, हे स्पष्ट विचारलं. असं काही झालं तर एक रात्रही न थांबता मोठं हॉस्पिटल गाठायचं असतं. एमआरआयमध्ये नस दबलेली दिसली. झटक्यानेच वाढलं का, हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण पंजाची ताकद जात असलेल्या माणसाला पिळायचं नसतं, हे ठामपणे सांगितलं. भाऊ आता औषधं आणि व्यायामावर आहे. पंजा अजून पुरता उचलत नाही.

मला कायरोप्रॅक्टिकशी वैर नाही. अमेरिकेत 1895 मध्ये सुरू झालेली ही पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2005 च्या मार्गदर्शिकेत तिच्या पूर्ण शिक्षणासाठी किमान 4,200 तास धरलेत. आमच्या 'डॉक्टर'च्या भिंतीवरची फ्रेम मी फोटो मोठा करून वाचली, ती पाच दिवसांच्या कार्यशाळेची होती. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी स्वतंत्र सरकारी परिषद नाही, त्यामुळे पदवी कुठली, किती वर्षांची, हे आपणच विचारायचं. फिजिओथेरपिस्टकडे गेलात तर परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. खरा असेल तो राग न धरता दाखवतो.

पण माझ्या मते पदवीहूनही लवकर माणूस ओळखू येतो तो हात लावण्याआधीच्या प्रश्नांवरून. ताप, वजन घटणं, जुना कॅन्सर, पडझड, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे विचारतो का? पायाची ताकद तपासतो का? 'तुमच्यावर मी हे करणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवा' असं म्हणायची त्याची तयारी आहे का? व्यायाम शिकवतो का? ब्रिटनच्या 2016 च्या कंबरदुखीच्या मार्गदर्शिकेतही हाताने केलेले उपचार व्यायामासोबतच सुचवलेत, एकटे नाहीत. आणि पहिल्याच दिवशी 12 सिटिंगचे पैसे मागणाऱ्याला तुम्ही किती दिवसांत बरे होणार हे कळलं तरी कसं? बरीचशी साधी कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते.

शिबिर उठलं, फोन बंद झाला, उरलेल्या सिटिंगचे पैसे गेले. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कागद तयार करतोय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची आहे. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मिळतो. त्याच शिबिरात तुम्हीही पैसे भरले असतील, तर पावती, फ्लेक्सचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका.