एक्स्टेन्शन मागायचं की प्रोलाँगेशन? पत्र लिहायच्या आधी हे वाचा

काम रखडलंय, मुदत संपत आलीय आणि क्लायंटला पत्र द्यायचंय, अशा वेळी बरेच जण 'प्रोलाँगेशन' हा शब्द नुसता भारदस्त वाटतो म्हणून टाकतात. अर्थ दोन्हींचा लांबवणं असाच आहे, मान्य, पण बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एक्स्टेन्शन ऑफ टाइम (साइटवर सगळे ईओटीच म्हणतात) मागून तारीख मिळते आणि प्रोलाँगेशन मागून पैसे. ईओटी मंजूर झाली की तेवढ्या दिवसांचा एलडी, म्हणजे उशिराचा दंड, लागत नाही, बस एवढंच. मुदत मिळाली म्हणजे वाढलेल्या काळाचा खर्च आपोआप मिळेल असं धरून बसलात तर फायनल बिलाच्या वेळी तोंडावर पडाल.

समजा तिसऱ्या स्लॅबची ड्रॉइंग क्लायंटकडून ४० दिवस उशिरा आली. काम ठप्प, पण टॉवर क्रेनचं भाडं, साइट ऑफिस, स्टोअरकीपर, वॉचमन, जनरेटरचं डिझेल, बँक गॅरंटीचं कमिशन, इन्शुरन्स हे सगळं चालूच राहतं ना, तोच प्रोलाँगेशनचा खर्च. स्टील-सिमेंट यात धरायचं नाही, ते जेवढं लागणार होतं तेवढंच लागणार. त्याचा भाव वाढला तर ते एस्कलेशन, आणि माणसं हजर होती पण काम तुटक तुटक झालं तर ते डिसरप्शन. लोक हे तिन्ही एकत्र कालवून एकच मोठा आकडा देतात आणि मग समोरचा सगळाच क्लेम उडवतो, त्याला आयतं कारणच मिळतं.

अजून एक गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात जास्त चुकते. हे ४० दिवस कुठले धरायचे? बहुतेक जण कामाच्या शेवटचे धरतात, कारण जास्तीचे दिवस तिथेच दिसतात. पण तोवर क्रेन उतरलेली असते, साइटवर रंगारी आणि प्लंबर उरलेले, खर्च निम्म्यावर. इंग्लंडच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ चा उशिराच्या क्लेमबद्दल जो प्रोटोकॉल, म्हणजे मार्गदर्शक पुस्तिका, आहे (दुसरी आवृत्ती, २०१७) तो साफ सांगतो की फटका ज्या काळात बसला त्या काळचा खर्च धरा, म्हणजे इथे स्लॅबच्या वेळचा. हेड ऑफिसच्या खर्चासाठी हडसन, एम्डेन, आयकली असे फॉर्म्युले आहेत, आपल्या सुप्रीम कोर्टाने २००६ च्या मॅकडरमॉट केसमध्ये त्यांची चर्चाही केलीय, पण नुसता फॉर्म्युला टाकून भागत नाही, कागद लागतातच.

मग कधी काय मागायचं? चूक क्लायंटची असेल तर दोन्ही मागा. पूर, साथ असलं काही असेल तर साधारणपणे फक्त मुदत मिळते, कोविडच्या वेळी मे २०२० मध्ये केंद्राच्या अर्थमंत्रालयाने सरकारी कामांना ३ ते ६ महिने दिले तेही दंड न लावता मुदतवाढ असंच होतं. दोघांचाही उशीर एकाच वेळी चालू असेल तर बहुधा मुदत मिळते, पैसे अडकतात. आणि उशीर आपलाच असेल तर दोन्ही विसरा.

आधी कॉन्ट्रॅक्ट मात्र नीट वाचा, कारण आपल्याकडे कित्येक टेंडरमध्ये 'मुदत देऊ, भरपाई नाही' असं कलम आधीच घातलेलं असतं. नोटिसीची मुदतही बघा, फिडिक या इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या रेड बुकमध्ये, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारात, ती २८ दिवस आहे. शिवाय करार कायद्याचं कलम ५५ आहेच, उशीर गुपचूप स्वीकारला आणि त्याच वेळी नोटीस दिली नाही तर नंतर भरपाई मागता येत नाही. म्हणून ईओटीच्या पत्रातच खर्चाचा हक्क राखून ठेवतोय अशी एक ओळ टाका.

बाकी रजा, व्हिसा, सबमिशनची तारीख यात डोळे झाकून एक्स्टेन्शन लिहा, तिथे प्रोलाँगेशन लिहिलंत तर वाचणारा हसेल. ईसीजीच्या रिपोर्टवर 'क्यूटी प्रोलाँगेशन' दिसलं तर ती हृदयाच्या ठोक्यातली लांबलेली वेळ, तिथे एक्स्टेन्शन कोणी म्हणत नाही, तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा.

दोन्ही मागायचं ठरलं तर दोन वेगळी पत्रं करा, आणि हिंडरन्स रजिस्टरमध्ये (साइटवरच्या अडथळ्यांची नोंदवही) ड्रॉइंग कधी मागितली, कधी आली, ही नोंद त्याच आठवड्यात करून क्लायंटच्या इंजिनिअरची सही घ्या, वर्षभराने तो बदलून गेलेला असतो.