श्रीलंकेनं काय निवडावं: मोठी अणुभट्टी, छोटी अणुभट्टी की भारतातून येणारी तार?

कोलंबोत अणुऊर्जेची फाइल बरीच वर्षं फिरते आहे. २०१४ च्या कायद्यानं स्वतंत्र अणुनियामक परिषद आली, फेब्रुवारी २०१५ मध्ये भारताशी नागरी अणुसहकार्याचा करार झाला, पुढे रोसाटॉम या रशियाच्या सरकारी अणुकंपनीशीही बोलणी झाली. सही कुठे करायची, हे मात्र ठरलेलं नाही. ठरवणाऱ्यापुढे ढोबळमानानं तीन वाटा आहेत. एक, १,२०० मेगावॅटची मोठी भट्टी. दोन, ३०० मेगावॅट किंवा त्याहून लहान भट्टी. तीन, भट्टीच्या नादी न लागता पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडच्या भारताशी वीजजोडणी, आणि जोडीला वारा, ऊन, धरणं. पैसा, प्रतिष्ठा, किरणोत्सर्ग यांवर वाद घालायला कुणाची ना नाही, पण माझ्या मते पहिला प्रश्न ग्रिड, म्हणजे देशभरचं वीजजाळं, केवढी आहे हा आहे. निम्मा निकाल तिथेच लागतो.

ग्रिडचं गणित

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. पानदुरा उपकेंद्रात एक माकड घुसलं आणि अख्ख्या देशाची वीज गेली. जगभर त्यावर विनोद झाले. पण दोष माकडाचा कमी आणि परिस्थितीचा जास्त होता. सुट्टीचा दिवस म्हणून मागणी कमी होती, छतांवरची सौरवीज भरपूर होती, आणि जडत्व देणारी, म्हणजे आपल्या फिरण्यानं धक्का झेलणारी, मोठी यंत्रं मोजकीच चालू होती. अशा वेळी धक्का बसला की ५० हर्ट्झची वारंवारता सावरायला कुणी उरत नाही. नोरोच्चोलाईचे कोळशावरचे ३०० मेगावॅटचे तिन्ही संच बंद पडले. ते लगेच सुरू होईनात, म्हणून पुढचे दोन दिवस दीड-दीड तासाचं भारनियमन करावं लागलं.

आता या ग्रिडवर १,२०० मेगावॅटचा एक संच ठेवून बघा. देशाची कमाल मागणी साधारण पावणेतीन हजार मेगावॅट, म्हणजे एकच यंत्र चाळीस टक्क्यांहून जास्त भार उचलणार, आणि ते अचानक थांबलं तर तेवढी वीज एका क्षणात जाणार. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा ढोबळ संकेत असा, की एक संच ग्रिडच्या दहा टक्क्यांहून मोठा नसावा. त्या हिशेबानं श्रीलंकेला पावणेतीनशेच्या आसपासचा संच झेपतो. नोरोच्चोलाईचा एकेक संच आत्ताच त्या काठावर आहे.

दुसरी अडचण मागणी पडते तेव्हाची. एप्रिल २०२५ मध्ये अवुरुदूच्या, म्हणजे सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुट्टीत कारखाने बंद, कार्यालयं बंद. तेव्हा वीज मंडळानं छतावर सौरपॅनल असलेल्यांना दुपारी तीनपर्यंत ती बंद ठेवायची विनंती केली. फुकटची वीजही जिथे जास्त होते, तिथे चोवीस तास एका लयीत चालवली तरच परवडणारी अणुभट्टी त्या दुपारी काय करणार?

मोठ्या भट्टीचा विषय माझ्यापुरता इथेच संपतो. तार टाकून ग्रिड भारताच्या ग्रिडशी घट्ट बांधली तर गोष्ट वेगळी, पण मग तार आधी आली.

पद्मेचे दोन काठ

मोठ्या भट्टीच्या बाजूनं हटकून बांगलादेशचं नाव घेतलं जातं. रूपपूरला १,२०० मेगावॅटचे दोन रशियन संच, खर्च १२.६५ अब्ज डॉलर, त्यातले सुमारे नव्वद टक्के रशियाचं कर्ज. बांगलादेशची मागणी श्रीलंकेच्या कितीतरी पट मोठी आहे, त्यामुळे आकाराचा प्रश्न तिथे एवढा टोचत नाही. वेळापत्रक मात्र बघण्यासारखं आहे. जागेचा विचार सुरू झाला १९६१ मध्ये, पूर्व पाकिस्तानच्या काळात. पहिलं काँक्रीट पडलं नोव्हेंबर २०१७ मध्ये. इंधन रीतसर ताब्यात आलं ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि त्यानंतरही जोडणी लांबत गेली. रशियावरच्या निर्बंधांमुळे पैसे कसे द्यायचे हाच पेच पडला आणि युआनमध्ये देण्यापर्यंत बोलणी गेली.

आता त्याच ठिकाणी नदीवर उभं राहू. रूपपूरजवळ पद्मेवर हार्डिंज पूल आहे, १९१५ मध्ये खुला झालेला. पुलाच्या एका बाजूला रूपपूरची भट्टी, दुसऱ्या बाजूला भेरामारा. भेरामाऱ्याला भारतातून येणारी वीज घेणारं उच्चदाब एकदिश केंद्र ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झालं. आधी ५०० मेगावॅट, मग १,०००. करार २०१० चा. म्हणजे एका काठावर साडेतीन-चार वर्षांत वीज आली, दुसऱ्या काठावर अर्धशतक फाइल फिरली. तुलना थोडी अन्यायकारक आहे हे मान्य, कारण तार वीज तयार करत नाही, फक्त आणते. पण ज्याला सही करायची आहे त्यानं एकदा या पुलावर उभं राहावं.

छोटी भट्टी: आकार बरोबर, दुकानात माल कुठे?

कागदावर ही वाट सगळ्यात शहाणपणाची. प्रत्यक्षात चालू असलेली उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. रशियाचं तरंगतं केंद्र ‘अकादेमिक लोमोनोसोव्ह’, ३५ मेगावॅटचे दोन संच, पेवेक बंदरात. चीनचं शिदाओ बे, सुमारे २१० मेगावॅट, डिसेंबर २०२३ पासून व्यावसायिक सेवेत. दोन्ही सरकारांनी आपल्याच देशात आपल्याच पैशानं उभी केलेली.

बाजारभावाचा अंदाज हवा तर अमेरिकेच्या न्यूस्केल कंपनीकडे बघा. युटामधल्या नगरपालिकांसाठी ४६२ मेगावॅटचा प्रकल्प होता. दर मेगावॅट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ वर गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्पच गुंडाळला. कॅनडात डार्लिंग्टनला ३०० मेगावॅटच्या चार भट्ट्यांचा अंदाज २०.९ अब्ज कॅनडियन डॉलर. कॅनडाला ते परवडेल. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवलेल्या आणि त्याआधीच्या महिन्यात दिवसाला तेरा-तेरा तास अंधारात बसलेल्या देशानं पहिलं गिऱ्हाईक व्हायची हौस करू नये.

यात एक गोष्ट मला मजेशीर वाटते. श्रीलंकेच्या ग्रिडला शोभेल अशा आकाराची, दशकानुदशकं चाललेली भट्टी शेजारीच आहे: भारताची २२० मेगावॅटची जड पाण्याची भट्टी. कैगा, नरोरा, काक्रापार, रावतभाटा इथे ती चालते आणि तिला समृद्ध युरेनियमही लागत नाही. पण भारतानं आजवर एकही वीज-अणुभट्टी परदेशात विकलेली नाही. उद्या दिल्लीनं तसा देकार दिला तर ही तुलना नव्यानं मांडावी लागेल.

परावलंबन कुठे कमी?

तारेवरचा खरा आक्षेप तांत्रिक नाही, राजकीय आहे. बटण दिल्लीच्या हातात जाईल, ही भीती श्रीलंकेत जुनी आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही. २०२४ च्या अखेरीस थकबाकीवरून अदानीनं बांगलादेशचा पुरवठा निम्म्यावर आणला, हे कोलंबोतही वाचलं गेलं असणार. मन्नार-पूनेरीनच्या ४८४ मेगावॅटच्या पवनप्रकल्पातून फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच समूह बाहेर पडला, नव्या सरकारनं दर कमी करायचा आग्रह धरल्यावर. तरीही एप्रिल २०२५ मध्ये वीजजोडणीचा सामंजस्य करार झालाच.

पण भट्टी घेतली म्हणजे स्वावलंबन आलं, असं म्हणणाऱ्यांना तारापूर दाखवावं. १९६३ च्या करारानं अमेरिकेनं तारापूरला इंधन पुरवायचं कबूल केलं, १९६९ मध्ये केंद्र सुरू झालं. १९७४ ची पोखरण चाचणी झाली आणि पुरवठा अडखळू लागला. पुढे फ्रान्स, मग चीन, मग रशिया अशी दारं ठोठवावी लागली. स्वतःचे शास्त्रज्ञ, स्वतःच्या संशोधन भट्ट्या असलेल्या भारताची ही गत.

फिलिपिन्सचं बताआन तर बांधून झालं आणि त्यात इंधन कधी पडलंच नाही. ६२१ मेगावॅटची भट्टी, दोन अब्ज डॉलरहून जास्त खर्च, आणि कर्ज फिटलं २००७ मध्ये.

तंत्रज्ञानाची हौस असेल तर

ती असायलाच हवी, फक्त तिची सुरुवात वीजकेंद्रापासून करायची गरज नाही. बांगलादेशात सावरला ३ मेगावॅटची संशोधन भट्टी १९८६ पासून आहे, रूपपूरच्या काँक्रीटच्या तीन दशकं आधीपासून. जॉर्डननं दोन रशियन संचांचा बेत २०१८ मध्ये सोडला, पण इर्बिदजवळच्या विज्ञान विद्यापीठातली ५ मेगावॅटची भट्टी आणि अल्लानचं ‘सेसमी’ सिंक्रोट्रॉन, म्हणजे संशोधनासाठी प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र, त्याच्या पदरात राहिलं. श्रीलंकेत बियागामाला गॅमा विकिरण केंद्र आहेच. लासलगावचं शेतमालावर विकिरण करणारं ‘कृषक’ केंद्र माहीत असलेल्यांना अशा केंद्राचा उपयोग सांगायला नको. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसची वाट तिथूनच मोकळी झाली.

मी असतो तर

मोठी भट्टी नाही. तार आणि साठवण आधी, त्यात महा ओयाचा ६०० मेगावॅटचा पंप-साठवण प्रकल्प (जास्तीच्या विजेनं पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडून वीज करायची) मागे पडू देणार नाही. नियामक परिषदेला माणसं आणि पैसा आत्तापासून, कारण तपासनीस घडवायला भट्टी बांधण्याइतकाच वेळ लागतो. छोट्या भट्टीची फाइल बंद करणार नाही, पण तीनशे मेगावॅटच्या आतली एखादी भट्टी तिच्या मायदेशाबाहेर काही वर्षं चालून दाखवेपर्यंत सही नाही. आणि विक्रेता समोर बसला की त्याला दराच्या आधी विचारेन, वापरलेलं इंधन परत नेणार का? रूपपूरसाठी रशियानं ते २०१७ मध्ये लेखी कबूल केलं आहे. तारापूरचं अमेरिकेनं ना परत नेलं, ना पुनर्प्रक्रियेला मोकळी संमती दिली.