सगळ्याला ‘हो’ म्हणणारं फार्महाऊस

नाताळच्या सुट्टीत पोराबाळांना घेऊन ताडोब्याकडे शेतावर दोन रात्री काढायचा बेत असेल, तर ॲडव्हान्स पाठवायच्या आधी हे वाचून घ्या. आमचे पन्नास हजार गेलेत. आम्हाला कोणी ओटीपी विचारला नाही, कुठली लिंक उघडायला लावली नाही, ‘लॉटरी लागली’ म्हणून फोन आला नाही. भावसुद्धा फार स्वस्त नव्हता. बँकेच्या त्या सावधानतेच्या मेसेजमध्ये असतं तसलं यात काहीच नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही मिळून तेरा जण. पुण्याहून नणंदेचं कुटुंब येणार, मोठे दीर आणि जाऊबाई इथले नागपूरचेच, शिवाय आम्ही आणि सासूबाई. मुलं म्हणाल तर चार वर्षांच्या पिल्लापासून ते अकरावीतल्या सईपर्यंत. अशी वरात एका जागी मावेल असं ठिकाण शोधणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं शोधलंय त्यालाच कळेल. लहानग्यांना मोकळं अंगण हवं, मधल्यांना उड्या मारायला पाणी हवं, चौदा-पंधराच्या पोरांना आपल्यापासून लांब खोली आणि वायफाय हवं. सासूबाईंचे गुडघे पाहता तळमजला आणि कमोड हवाच. शिवाय सगळ्यांना वाघ बघायचा.

फेसबुकवर ताडोब्याच्या कोलारा गेटजवळच्या एका शेतघराची जाहिरात दिसली. कौलारू घर, पुढे पडवी, सारवलेलं अंगण, पायऱ्यांवर कंदील. फोन लावला तर पलीकडचा माणूस अस्सल आपल्याकडचं बोलणारा. “ताई, तुम्ही फक्त या नं. बाकी आपल्यावर सोडा.” उमरेडवरून भिसी, भिसीवरून चिमूर, तिथून कोलारा, कुठे रस्ता खराब आहे, कुठे चहा बरा मिळतो, सगळं त्याला पाठ. माझ्या दिरांनाही तो आवाज पटला, आणि दीर सहसा कोणाच्या बोलण्यात येणाऱ्यातले नाहीत.

मी यादी वाचत गेले आणि तो ‘हो’ म्हणत गेला. पोहायला उथळ टाकी? आहे. मोठ्या मुलांना काही साहसी खेळ? दोराचा पूल आहे, झिपलाइन आहे. वायफाय? “अहो, जंगलात फाईव्ह जी चालते आपल्याकडे.” खालच्या मजल्यावर कमोड? दोन आहेत. जेवायला चुलीवरचं भरीत, पाटोडी, रोडगे, आणि पुण्याच्या पोरांसाठी पास्ता? तोही होईल, स्वयंपाकी हॉटेलात होता आधी. संध्याकाळी शेतात हुरडा? “तोंडात विरघळते ताई असा हुरडा आहे.” रात्री मुलांना जंगलात थोडं पायी फिरवता येईल का, असं घरातल्या कोणीतरी मागून ओरडून विचारलं. त्यालाही हो. टॉर्च घेऊन आमचा माणूस सोबत येतो म्हणे.

आता मागे वळून पाहिलं तर सगळं त्या एका प्रश्नात होतं. ताडोब्याच्या जंगलात रात्री पायी फिरायला कोणी नेत नाही, आणि ज्याचं घर खरोखर त्या काठावर आहे तो माणूस हे ऐकल्यावर आधी तुम्हालाच दटावतो. त्या पट्ट्यातल्या गावांत बाया-माणसं सांजावल्यावर शेतातून घाईनं घरी येतात ती काही हौसेनं नाही.

तर पैशाचं असं झालं. दोन रात्रींचे अडतीस हजार ठरले, त्यातले एकोणीस लगेच पाठवायचे. क्यूआर आला. स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव आलं ते जाहिरातीतल्या माणसाचंही नाही, शेतघराचंही नाही, भलत्याच बाईचं. विचारलं तर “मॅनेजर आहे नं, हिशेब ती पाहते.” यूपीआयमध्ये पैसे जाण्याआधी जे नाव दिसतं ते बँक खात्याच्या नोंदीतलं असतं, ते बोलणाऱ्याच्या तोंडचं नसतं. तिथे नाव जुळलं नाही की थांबायचं, कारण कितीही गोड असो.

दोन दिवसांनी सफारीचा विषय त्यानंच काढला. नाताळात ताडोब्याच्या कोअरची, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागाची, बुकिंग कधीचीच भरलेली असतात, हे नागपुरात कोणालाही माहीत आहे. पण त्याच्याकडे म्हणे ‘कोटा’ होता. एका जिप्सीत पर्यटक सहाच बसतात, म्हणजे आम्हाला तीन जिप्स्या. एकवीस हजार. त्यासाठी तेराही जणांची आधार कार्डं मागितली, मुलांचीसुद्धा. परमिटवर नावं आणि ओळखपत्राचे नंबर खरोखरच लागतात, गेटवर मूळ कार्ड तपासतात, त्यामुळे मागणी रास्तच वाटली. या लोकांचं कसब इथे आहे. खऱ्या पद्धतीचा एक तुकडा उचलायचा आणि त्याला आपला क्यूआर चिकटवायचा. परमिटं आलीही. वर राजमुद्रा, खाली बारकोड, मध्ये आमची नावं एकही चूक न करता टाइप केलेली. दिरांनी ती फॅमिली ग्रुपवर टाकली आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले.

मग तिसरी मागणी. सोबत अल्पवयीन मुलं आहेत, झिपलाइन आहे, म्हणून दहा हजार सुरक्षा ठेव. पूर्ण परत मिळणारी. सोबत बिलही पाठवलं, जीएसटी क्रमांकासकट. मुलांच्या सुरक्षेचं नाव निघाल्यावर घरात कोण घासाघीस करतं? गेले तेही.

हे फुटलं ते दोन बाजूंनी, जवळपास एकाच संध्याकाळी. जाऊबाईंचं माहेर चिपळूणचं. त्या आरामात फोटो मोठा करून बघत होत्या, बघता बघता म्हणाल्या, “अगं, या पायऱ्या जांभ्याच्या आहेत.” मी म्हटलं, असतील. “असतील काय? जांभा आमचा कोकणातला दगड, चिमुरात तो कोण नेऊन बांधेल? आणि मागे बघ, पोफळी आहेत.” खरंच घरामागे सुपारीची उंच सडसडीत झाडं उभी होती. काळ्या मातीच्या आणि धानाच्या मुलखात पोफळीची बाग! इतके दिवस तो फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, पण कंदिलापलीकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. सईनं तोच फोटो गूगल लेन्सवर टाकला तर कोकणातल्या एका घराच्या पानावर जसाच्या तसा सापडला.

दुसरी बाजू वेदांतची, म्हणजे नणंदेच्या मुलाची. वय चौदा. त्याला वाघापेक्षा नियमांत जास्त रस. पुण्याहून त्यानं ग्रुपवर एवढंच लिहिलं, “मामी, परमिट मंगळवारचं आहे. मंगळवारी ताडोबा बंद असतो ना?” असतो. दर मंगळवारी कोअर बंद, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलोय. राजमुद्रा पाहिली, नावांची स्पेलिंग पाहिली, वार पाहिला त्या पोरानं. मोठी माणसं त्याला एरवी ‘मोबाईल ठेव बाजूला’ एवढंच सांगत असतात, हे जाता जाता नोंदवते.

मग बिल काढलं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७. आमच्या बिलावर २९ होते, म्हणजे कर्नाटक. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की कोणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं.

फोन केला तर तो घाबरला नाही की भांडला नाही. “काही हरकत नाही ताई, कॅन्सल करू, पूर्ण रिफंड देतो.” आणि आणखी एक क्यूआर पाठवला. हा स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, पैसे जमा होतील म्हणे. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. स्कॅन आणि पिन हे दोन्ही पैसे देण्यासाठी असतात. एवढं आम्हाला ठाऊक होतं म्हणून चौथा हप्ता वाचला. त्यानंतर नंबर बंद.

लगेच १९३० ला फोन लावला. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. ठाण्यात जाऊन मग सावकाश बघू असं करू नका, आधी हा फोन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात, आणि ते वाटेत कुठे थांबवता येतील ते वेळेवर ठरतं. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. नंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार, आणि आपल्या बँकेला वेगळं पत्र. आमचे ठेवीचे दहा हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले. बाकीचे तोवर निघून गेले होते.

बँकेत एक गैरसमज दूर झाला तोही सांगते. तीन दिवसांत कळवलं की ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं बरेच जण म्हणतात. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपणच पिन टाकून पाठवलेले पैसे त्यात बसत नाहीत, असं काउंटरवरच्या मुलीनं सरळ सांगितलं. ऐकायला कडू, पण निदान खरं.

पैशापेक्षा जास्त घोर लागलाय तो आधार कार्डांचा. तेरा कार्डं त्या माणसाकडे आहेत. ज्यांचं बायोमेट्रिक आधारला नोंदलेलं आहे त्या सगळ्यांचं ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून लॉक केलं. संचारसाथीच्या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते दिसतं, ते मोठ्यांनी दर महिन्याला बघायचं ठरवलंय. यापुढे मुक्कामासाठी कोणी आधार मागितलं तर मास्क केलेलं देणार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि सफारी आपली आपण वनखात्याच्या साइटवरूनच काढणार, जिचा पत्ता गव्ह डॉट इन वर संपतो.

सुट्टी मात्र रद्द केली नाही, पुण्याची तिकिटं निघाली होती. ओळखीतून पेंचच्या जंगलाकडे, सिल्लारीच्या वाटेवर, एका बाईंकडे विचारलं. त्यांचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. “पोहायचं काही नाही. नेटवर्क अंगणाच्या एका कोपऱ्यात येते, तेही मनात आलं तर. संडास बाहेर आहे पण कमोड आहे, आजीसाठी खुर्ची लावून देईन. पास्ता-बिस्ता होत नाही. आणि दिवे लागले की लेकरं अंगणाबाहेर जायची नाहीत, हे मंजूर असेल तर या.” ॲडव्हान्स विचारला तर म्हणाल्या, आल्यावर द्या. सई आणि वेदांत वायफायवाचून कुरकुरतील असं वाटलं होतं. पण पेंच हे २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेली जागा, जाहीर झालंय हे वेदांतनं आधीच शोधून ठेवलं होतं, त्यामुळे रात्री दोघं अंगणातच खाटा टाकून आकाशाकडे तोंड करून पडली. वाघ दिसला नाही. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं.

आता कोणाशी मुक्कामाचं बोलताना मी एक प्रश्न मुद्दाम विचारते, ज्याचं खरं उत्तर ‘नाही’च असायला हवं. मुलांना रात्री जंगलात पायी नेता का? मंगळवारी कोअरची सफारी लावून देता का? जो ‘हो’ म्हणतो त्याचा फोन तिथेच ठेवते.

ती जाहिरात परवा पुन्हा दिसली. नाव बदललंय, आता ते घर नागझिऱ्याच्या जंगलाजवळ आहे, पायऱ्या जांभ्याच्याच. फेसबुककडे रिपोर्ट केलीय, तक्रारीच्या क्रमांकाला जोडून सायबर ठाण्यातही त्याचा स्क्रीनशॉट दिलाय. गोठवलेले दहा हजार सोडवायचा अर्ज दीर या आठवड्यात करतायत.