दाढ काढून पुन्हा बसवावी की इम्प्लांट करावे?

दोनदा रूट कॅनल करूनही खालच्या दुसऱ्या दाढेच्या मुळाशी पू होतच राहिला, तर तीच दाढ काढून, दुरुस्त करून पुन्हा बसवावी की तिच्या जागी टायटॅनियमचे इम्प्लांट करावे, असा प्रश्न उभा राहतो. हिरडी उघडून मुळाचे टोक जागेवरच कापणे इथे अवघड असते, कारण हाड जाड असते आणि ओठाची संवेदना नेणारी नस जवळून जाते.

पुनर्रोपणात दाढ हलक्या हाताने, मुळांना चिमट्याचा स्पर्श होऊ न देता काढतात, सलाईनने ओली ठेवून मुळाचे टोक सुमारे ३ मिलिमीटर कापतात, तिथे एमटीए हे टोक बंद करणारे सिमेंट भरतात आणि शक्यतो १५ मिनिटांच्या आत ती परत खोबणीत बसवतात. ही घाई मुळावरच्या तंतूंसाठी असते. ते सुकून मेले, तर मूळ झिजते किंवा हाडाला चिकटते. तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) सुक्यात राहिलेला वाळूचा बारीक कण दाताखाली येताच आपण थबकतो, ती जाणीव याच तंतूंची असते, आणि इम्प्लांटला ती इतकी सूक्ष्म मिळत नाही.

इम्प्लांट हाडाशी एकजीव व्हायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. मात्र दाढ उभी चिरलेली असेल, किंवा फाकलेली, वाकडी मुळे काढताना मोडण्याची भीती असेल, तर तोच मार्ग योग्य. एरवी आधी पुनर्रोपणाचा विचार व्हावा असे मला मनापासून वाटते, कारण ते फसले तरी इम्प्लांटची वाट बहुधा खुली राहते. दाढ काढण्यास संमती देण्यापूर्वी बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात रूट कॅनलच्या तज्ज्ञांना हे जरूर विचारावे.